हॅरी डीन स्टँटन : चेहरा तोच, माणूस दर वेळी निराळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हॅरी डीन स्टँटन या अमेरिकी चरित्र अभिनेत्याला जाणकार मंडळी अष्टपैलू म्हणतात. तुम्ही मात्र त्यांचे चार चित्रपट लागोपाठ पाहिलेत आणि चारही ठिकाणी तुम्हाला तोच हडकुळा चेहरा, तेच खोल गेलेले डोळे आणि तोच संथ, किंचित घोगरा आवाज भेटला. मग हे अष्टपैलुत्व आहे तरी कोठे, आणि अभिनय शिकणाऱ्याने या माणसाकडून नेमके काय उचलावे, असे तुम्ही विचारले आहे.

गेली तीस वर्षे मी नाटके बसवतो आहे आणि अभिनयाचे वर्ग घेतो आहे. अष्टपैलू नट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आधी वेषांतर येते. मिशा चिकटवल्या, पाठीला पोक काढले, बोली बदलली, चाल बदलली, की नट बदलला असे आपण धरून चालतो. या मापाने मोजल्यास स्टँटन फारसे पुढे जाणार नाहीत, कारण साठ वर्षांच्या कारकिर्दीत आणि शंभराहून अधिक चित्रपटांत त्यांनी स्वतःचा चेहरा लपवण्याचा प्रयत्न क्वचितच केला. माझे उत्तर असे आहे की त्यांचे अष्टपैलुत्व त्यांच्या ऐकण्यात आहे. समोरचे पात्र काय बोलते आहे, कसे बोलते आहे आणि काय दडवते आहे, हे ते इतके मन लावून ऐकतात की समोरचा माणूस बदलला की त्यांच्या चेहऱ्यावरचे सगळे आपोआप बदलते. हे विधान मी त्यांच्या कामांच्या आधारे स्पष्ट करतो.

त्या चार चित्रपटांच्या आधीही तुम्ही त्यांना पाहिले असण्याची शक्यता आहे. २०१२ सालच्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये हल्क आकाशातून एका गोदामाचे छप्पर फोडून खाली आदळतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा तो पुन्हा ब्रूस बॅनर होऊन ढिगाऱ्यात विवस्त्र पडलेला असतो. तेथे उभा असलेला म्हातारा पहारेकरी म्हणजे स्टँटन. तो घाबरत नाही, आरडाओरडा करत नाही. समोरचा माणूस परग्रहावरून आला आहे का, एवढे शांतपणे विचारतो, नकारार्थी उत्तर मिळाल्यावर याला काहीतरी दुखणे जडले असावे असा निष्कर्ष काढतो आणि अंगात घालायला त्याच्याकडे एक पँट फेकतो. एवढेसे काम आहे. पण स्फोट आणि पडझड यांनी भरलेल्या त्या चित्रपटात हा एक माणूस दुसऱ्याचे उत्तर खरोखर ऐकून घेतो, आणि म्हणून तो लक्षात राहतो. त्या वेळी त्यांनी वयाची पंच्याऐंशी गाठली होती.

स्टँटन यांचा जन्म १४ जुलै १९२६ रोजी केंटकी राज्यातील वेस्ट अर्विन या लहानशा गावात झाला. वडील तंबाखूची शेती करीत आणि न्हाव्याचाही व्यवसाय करीत; आई केशरचनेचे काम करीत असे. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी नौदलात दाखल झाले आणि रणगाडे व सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या एलएसटी प्रकारच्या जहाजावर स्वयंपाकी म्हणून काम करू लागले. १९४५ मध्ये ओकिनावाची लढाई झाली तेव्हा त्यांचे जहाज त्या मोहिमेत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण बहात्तर वर्षांनी तीच त्यांच्या शेवटच्या मोठ्या भूमिकेत परत येते.

युद्धानंतर त्यांनी केंटकी विद्यापीठात पत्रकारिता आणि रेडिओ या विषयांचा अभ्यास सुरू केला. विद्यापीठाच्या गिन्योल थिएटरमध्ये त्यांनी बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये काम केले, म्हणजे ज्या नाटकावरून पुढे पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले त्याच नाटकात. दिग्दर्शक वॉलेस ब्रिग्ज यांनी त्यांना अभिनयाकडे वळण्यास सांगितले आणि पदवी अर्धवट सोडून ते कॅलिफोर्नियातील पॅसाडीना प्लेहाउसमध्ये शिकायला गेले. पुढे काही काळ ते पुरुषांच्या एका समूहगान पथकाबरोबर गावोगाव फिरले. गाणे त्यांना आयुष्यभर पुरले. नंतर लॉस एंजेलिसच्या क्लबांमध्ये ते स्वतःच्या बँडबरोबर गातही असत. त्यांच्या चरित्रात हा तपशील सहसा एका ओळीत उरकला जातो, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ज्याने समूहात गायले आहे त्याला माहीत असते की तेथे आपला आवाज वर काढणाऱ्याचा उपयोग नसतो. शेजारच्याचा सूर कानात ठेवून आपला सूर त्यात बसवावा लागतो. स्टँटन पडद्यावर नेमके हेच करतात.

चित्रपटसृष्टीतील त्यांची सुरुवात मात्र अगदी खालच्या पायरीवरून झाली. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९५६ सालच्या ‘द राँग मॅन’मध्ये ते आहेत, पण श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. हॅरी स्टँटन नावाचे आणखी एक नट असल्यामुळे पुढे कितीतरी वर्षे त्यांचे नाव ‘डीन स्टँटन’ असे येत राहिले. ‘गनस्मोक’सारख्या दूरचित्रवाणीवरील काऊबॉय मालिकांमध्ये दर आठवड्याला नवा गुंड, नवा दरोडेखोर, नवा पळालेला कैदी लागत असे आणि हे निवडुंगासारखे कोरडे, उंच हाडांचे तोंड त्या कामाला सोयीचे होते. या मालिकांमधील पाहुण्या नटाचे काम कठीण असते. प्रेक्षक नायकाला दर आठवड्याला भेटत असल्याने त्याला ओळख करून द्यावी लागत नाही, पण गुंडाला मात्र दारातून आत आल्यावर काही क्षणांत आपण कोण हे सांगावे लागते आणि भाग संपण्यापूर्वी बहुधा मरावे लागते. अशा कामाने नटाला घाईची सवय लागते. तो डोळे वटारतो, दात दाखवतो, आवाज चढवतो. स्टँटन यांनाही ती लागली असणार.

ती मोडण्याचे श्रेय ते स्वतः जॅक निकल्सन यांना देत. निकल्सन हे त्यांचे जवळचे मित्र. निकल्सन यांच्या १९६२ सालच्या लग्नात स्टँटन हे वराचे पाठराखे होते आणि पुढे घटस्फोटानंतर दोघे काही काळ एकाच घरात राहिले. निकल्सन यांनी ‘राइड इन द व्हर्लविंड’ या कमी खर्चाच्या काऊबॉय चित्रपटाची पटकथा लिहिली तेव्हा त्यांनी डोळ्यावर पट्टी बांधलेल्या दरोडेखोरांच्या म्होरक्याची भूमिका स्टँटन यांना दिली आणि सांगितले की तू काहीही करू नकोस, अभिनय कपडे करतील, तू फक्त तू राहा. स्टँटन ही आठवण अनेक मुलाखतींत सांगत. चित्रपट पाहिला की त्या सल्ल्याचा अर्थ कळतो. पट्टी, टोपी आणि कमरेचे पिस्तूल यांनी दरोडेखोर आधीच उभा केलेला आहे. नटाला आता दुष्टपणा दाखवण्याचे कारणच उरलेले नाही. म्हणून हा म्होरक्या दारात आलेल्या अनोळखी घोडेस्वारांशी एखाद्या यजमानासारखा सभ्यपणे बोलतो, आणि त्याच्या सभ्यपणामुळेच आपल्याला धास्ती वाटते.

हा सल्ला ऐकायला सोपा आणि आचरणात आणायला अत्यंत कठीण आहे, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. एका एकांकिकेत तार घेऊन येणाऱ्या पोस्टमनची भूमिका मी एका हुशार मुलाकडून बसवून घेत होतो. मी त्याला लंगडती चाल दिली, खोकला दिला, दोऱ्याने बांधलेला चश्मा दिला. त्याने ते सगळे उत्तम केले आणि पहिल्या प्रयोगाला त्याला हशाही मिळाला, पण ज्या आईच्या हातात मुलाच्या मृत्यूची तार पडत होती तिच्याकडे कोणी पाहिलेच नाही. दुसऱ्या प्रयोगापूर्वी मी ते सर्व काढून घेतले आणि त्याला एवढेच सांगितले की तू सहीसाठी थांबलेला आहेस, तिचा श्वास ऐक. त्या रात्री तो मुलगा नुसता पेन पुढे करून उभा राहिला, आणि ते पेन त्याने हळूच मागे घेतले तेव्हा सभागृहात कोणी हलले नाही. स्टँटन यांच्या कामाकडे मी त्यानंतर निराळ्या नजरेने पाहू लागलो.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. स्टँटन यांचे १९७९ हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी त्यांचे तीन चित्रपट आले. रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’मध्ये ते अंतराळयानातील ब्रेट नावाचे मेकॅनिक आहेत. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘वाइज ब्लड’मध्ये आंधळेपणाचे ढोंग करून रस्त्यावर धर्मोपदेश करणारा एसा हॉक्स त्यांनी केला आहे. मार्क रायडेल यांच्या ‘द रोझ’मध्ये ते अमेरिकी ‘कंट्री’ संगीताचे एक नामांकित गायक आहेत, जो बेट मिडलर यांनी साकारलेल्या थकलेल्या, कौतुकासाठी आसुसलेल्या गायिकेला थंडपणे सांगतो की माझी गाणी तू गाऊ नयेस अशी माझी इच्छा आहे. तिघांचेही तोंड एकच आहे. पण ब्रेटला सोबत्याच्या बोलण्यात स्वतःचा आवाज मिसळून टाकायचा आहे, हॉक्सचे सगळे लक्ष समोरच्याच्या खिशाकडे आणि संशयाकडे आहे, आणि त्या गायकाने तर समोरच्या बाईचे काहीही ऐकायचे नाही असे आधीच ठरवलेले आहे. त्या गायकाची क्रूरता तेथेच आहे. तो ओरडत नाही, तो फक्त ऐकणे बंद करतो.

‘एलियन’मधील काम जरा जवळून पाहण्यासारखे आहे. स्टँटन यांनी पहिल्या भेटीतच स्कॉट यांना सांगितले होते की मला विज्ञानकथा किंवा राक्षसांचे चित्रपट आवडत नाहीत. पडद्यावरचा ब्रेटही असाच आहे. अंतराळ त्याच्या लेखी केवळ कामाचे ठिकाण आहे. याफेट कोटो यांचा पार्कर बोनसच्या वाट्यावरून सतत कुरकुर करतो आणि ब्रेट प्रत्येक वाक्यानंतर ‘राइट’ एवढेच म्हणतो. यानावरची अधिकारी रिप्ली त्याला त्याबद्दल टोकते तेव्हाही तो ‘राइट’ म्हणतो. एका शब्दाची ही भूमिका, पण प्रत्येक ‘राइट’ आधीच्या वाक्यावरून ठरतो. कधी तो पाठिंबा असतो, कधी कंटाळा, तर कधी कारखान्यातील दोन कामगारांनी साहेबासमोर केलेली अभेद्य युती. पुढे मांजर शोधत तो एकटाच साखळ्या लोंबकळणाऱ्या उंच दालनात जातो, टोपी काढतो आणि वरून ठिबकणारे पाणी चेहऱ्यावर घेत क्षणभर डोळे मिटून उभा राहतो. भयपटात मरणाऱ्या पात्राला असा विसावा फार क्वचित मिळतो. त्या काही क्षणांत तो राक्षसाचा बळी न राहता दिवसभर राबलेला माणूस होतो, आणि त्यामुळे पुढे जे घडते ते अधिक लागते.

त्याच्या आदल्या वर्षीच्या, म्हणजे १९७८ च्या, ‘स्ट्रेट टाइम’मधील एक प्रसंग मी दर वर्षी वर्गात दाखवतो. उलू ग्रोसबार्ड दिग्दर्शित या चित्रपटात डस्टिन हॉफमन तुरुंगातून सुटलेल्या चोराचे काम करतात आणि स्टँटन त्याच्या जुन्या साथीदाराचे, जो आता संसाराला लागला आहे. घरामागे पोहण्याचा तलाव आहे, बायको प्रेमाने खायला घालते आहे, आणि तो पाहुण्याला आपले किती छान चालले आहे हे सांगतो आहे. बायको आत जाते. तो एक क्षण थांबतो, ती ऐकण्याच्या टप्प्यापलीकडे गेली याची खात्री करून घेतो, आणि मग खालच्या आवाजात म्हणतो की मला येथून बाहेर काढ. ना डोळे भरून येतात, ना आवाज चढतो. आधीचे सुखाचे बोलणे ज्या स्वरात होते त्याच्या एक पट्टी खालीच हे वाक्य येते, आणि एका माणसाच्या सबंध आयुष्याचा उबग त्यातून कळतो. त्या क्षणभराच्या थांबण्यात त्यांचे कान कसे काम करतात ते पाहा.

येथे एक छोटे विषयांतर करतो. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी असा एक नियमच सांगितला होता की हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श यांपैकी कोणीही दुय्यम भूमिकेत असेल तो चित्रपट सर्वस्वी वाईट असू शकत नाही. पुढे १९८९ च्या ‘ड्रीम अ लिटल ड्रीम’ने तो नियम मोडल्याचे त्यांनी स्वतःच कबूल केले. ‘स्ट्रेट टाइम’मध्ये हे दोघेही आहेत, आणि चरित्र अभिनेता म्हणजे काय हे समजून घ्यायला तो एकच चित्रपट पुरेसा आहे असे माझे मत आहे.

१९८४ हे वर्ष मात्र साऱ्या कारकिर्दीत वेगळे उभे राहते. ‘रेड डॉन’मध्ये ते कुंपणामागे कैदेत असलेले, मुलांना सूड घेण्यासाठी ओरडून सांगणारे वडील आहेत. अ‍ॅलेक्स कॉक्स यांच्या ‘रेपो मॅन’मध्ये ते हप्ते थकवणाऱ्यांच्या गाड्या उचलून नेणारे, त्या धंद्यालाही आचारसंहिता असते असे ठासून सांगणारे बड आहेत. आणि ‘पॅरिस, टेक्सास’मध्ये ते ट्रॅव्हिस आहेत. हा चित्रपट जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांचा, लेखन सॅम शेपर्ड यांचे, छायाचित्रण रॉबी म्यूलर यांचे, संगीत राय कूडर यांचे. शेपर्ड आणि स्टँटन यांची भेट न्यू मेक्सिकोतील सँटा फे येथे एका बारमध्ये झाली आणि त्या ओळखीतून सत्तावन्न वर्षांच्या या नटाला पहिली खरी मुख्य भूमिका मिळाली. चित्रपटाला त्या वर्षी फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात पाम डोर हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

सुरुवातीला ट्रॅव्हिस लाल टोपी आणि धुळीने माखलेला सूट घालून टेक्सासच्या वाळवंटातून चालत येतो, प्लास्टिकच्या कॅनमधले शेवटचे पाणी पितो आणि पुढे सुमारे पंचवीस मिनिटे एक शब्दही बोलत नाही. डीन स्टॉकवेल यांनी केलेला भाऊ त्याला घ्यायला येतो, समजावतो, चिडतो, पुन्हा समजावतो. हा गप्प आहे, पण बंद नाही. भावाचे प्रत्येक वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचते आहे आणि त्याला उत्तर देण्याची वाट त्याला सापडत नाही, हे चेहऱ्यावर दिसते. ज्या नटाला संवाद नसताना काय करायचे हा प्रश्न पडतो त्याने ही पंचवीस मिनिटे पाठ करावीत.

तुमच्या प्रश्नाला सर्वात थेट उत्तर देणारा प्रसंग याच चित्रपटात आहे. आपल्याला विसरलेल्या लहान मुलापुढे वडील म्हणून उभे राहायचे आहे, तर वडील दिसतात कसे, हे ट्रॅव्हिस मासिकांतली चित्रे चाळून शोधतो आणि घरातल्या मोलकरणीला विचारतो. ती त्याला श्रीमंत बापाची चाल शिकवते: मान वर, खाली बघायचे नाही, अंगात ऐट. तो चांगले कपडे घालून तिच्यासमोर चालून दाखवतो. म्हणजे वेषांतर, चाल, ऐट, ज्याला आपण अष्टपैलुत्व म्हणतो ते सगळे, येथे पात्र करते आणि नट ते करताना पात्राची तगमग दाखवतो. मग शाळेतून परत येताना बाप रस्त्याच्या एका कडेने आणि मुलगा दुसऱ्या कडेने चालतो, मुलगा त्याची नक्कल करतो, तो मुलाची करतो, आणि घर येईपर्यंत नाते जुळू लागते. ऐकण्याचा अर्थ केवळ कानांनी ऐकणे नव्हे, हे मला या प्रसंगाइतके स्पष्ट कोठेच दिसलेले नाही.

शेवटाकडे ह्यूस्टन शहरातील त्या काचेच्या खोलीचा प्रसंग आहे. नस्टासिया किन्स्की यांची जेन, म्हणजे ट्रॅव्हिसची दुरावलेली बायको, तेथे काम करते. गिऱ्हाइकाला काचेतून ती दिसते, तिला मात्र फक्त आरसा दिसतो, आणि बोलणे फोनवरून होते. पहिल्या भेटीत ट्रॅव्हिसला काही सांगता येत नाही. दुसऱ्या भेटीत तो खुर्ची वळवतो, काचेकडे पाठ करतो आणि मी ओळखत होतो अशा दोन माणसांची गोष्ट म्हणून दोघांच्या उद्ध्वस्त संसाराची कहाणी सांगू लागतो. हे दीर्घ स्वगत शेपर्ड यांनी दुसऱ्या चित्रपटाच्या चित्रीकरणात अडकलेले असताना फोनवरून लिहून दिले होते. स्टँटन ते जवळजवळ सपाट सुरात बोलतात. इतके मोठे स्वगत हाती आले की नटाला त्यात चढउतार घालण्याचा मोह होतो. त्यांनी तो टाळला, कारण पाठ फिरवून बसलेला माणूस बोलताना मागच्या शांततेकडे कान लावून असतो. तिने ओळखले का, ती रडते आहे का, ती उठून तर गेली नाही, हे सारे त्याला फक्त फोनमधूनच कळणार आहे. नंतर ती आपल्या खोलीतला दिवा मालवते आणि तो आपल्या चेहऱ्यावर उजेड घेतो, तेव्हा तो तिला दिसतो. मग बोलण्याची पाळी तिची येते. ती पाठ करून बसते आणि तो ऐकतो. ‘यानंतर एकही चित्रपट मिळाला नसता तरी मी समाधानी राहिलो असतो’, अशा अर्थाचे ते पुढे म्हणत असत.

त्यानंतर मुख्य भूमिकांची रांग लागली असेल असे वाटेल, पण तसे झाले नाही. ‘प्रिटी इन पिंक’मधील बेकार, बायकोने सोडलेला बाप, मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’मधील पॉल, अशी कामे ते करत राहिले. ऑस्करसाठी त्यांचे नामांकन कधीही झाले नाही. याचे मला वाईट वाटते, आणि ते मी लपवत नाही.

दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांच्याबरोबर १९९० च्या ‘वाइल्ड अ‍ॅट हार्ट’पासून २०१७ च्या ‘ट्विन पीक्स’पर्यंत त्यांनी बरेच काम केले. ‘ट्विन पीक्स’मध्ये ते ट्रेलर पार्कचे, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीचे, मालक कार्ल रॉड आहेत. रस्त्यावर एका लहान मुलाला गाडी उडवते, आई त्याला कवटाळून आक्रोश करते, भोवती माणसे थिजून उभी राहतात, आणि हा म्हातारा चालत जाऊन तिच्याजवळ बसतो. तो काही समजावत नाही. फक्त तिच्या डोळ्यांत पाहतो. सुमारे नव्वद वर्षांच्या नटाने, एकाही वाक्यावाचून, हे केले आहे.

१९९९ साली ‘द ग्रीन माइल’मध्ये ते टूट-टूट हा कैदी आहेत, जो फाशी कोठडीतील पहारेकऱ्यांच्या सरावासाठी विजेच्या खुर्चीत बसून मरणाऱ्याची नक्कल करतो. त्या कथेतील एका पहारेकऱ्याचे नाव योगायोगाने डीन स्टँटन असे आहे. एचबीओच्या ‘बिग लव्ह’ मालिकेत, २००६ पासून, त्यांनी बहुपत्नीक पंथाचा स्वयंघोषित प्रेषित रोमन ग्रँट साकारला. हा त्यांचा सर्वात भयंकर माणूस आहे, आणि तो जवळजवळ नेहमी आजोबांच्या मायेने बोलतो. समोरच्याचे कच्चे दुवे ऐकून ठेवायचे आणि गरज पडेल तेव्हा वापरायचे, ही त्याची पद्धत आहे. ट्रॅव्हिसचे ऐकणे आणि रोमनचे ऐकणे शेजारी ठेवून पाहा, म्हणजे एकाच चेहऱ्यात किती अंतर मावते ते दिसेल.

शेवटची मोठी भूमिका ‘लकी’ची. हा चित्रपट जॉन कॅरोल लिंच यांनी दिग्दर्शित केला, जे स्वतः चरित्र अभिनेते आहेत. वाळवंटातील गावात एकटा राहणारा, सकाळी व्यायाम करणारा, सिगारेट ओढणारा, शब्दकोडी सोडवणारा नव्वदीचा लकी हा बराचसा स्टँटन यांच्याच आयुष्यावरून बेतलेला आहे. तोही नौदलात एलएसटीवर स्वयंपाकी होता. एका उपाहारगृहात त्याला दुसरा युद्धसैनिक भेटतो आणि ओकिनावाच्या लढाईत आपल्याकडे पाहून हसलेल्या एका लहान मुलीची आठवण सांगतो. ती भूमिका टॉम स्केरिट यांनी केली आहे, म्हणजे ‘एलियन’मधील यानाच्या कप्तानानेच. ज्या माणसाने ते युद्ध पाहिले तो येथे त्याच युद्धाची गोष्ट ऐकतो आहे. पुढे एका वाढदिवसाच्या समारंभात लकी अचानक स्पॅनिशमध्ये ‘वोल्व्हेर, वोल्व्हेर’ हे गाणे म्हणू लागतो, आवाज थरथरतो, आणि वादक हळूहळू त्याला साथ देऊ लागतात. १५ सप्टेंबर २०१७ रोजी लॉस एंजेलिस येथे, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, स्टँटन यांचे निधन झाले. ‘लकी’ अमेरिकेतील चित्रपटगृहांत त्यानंतर दोन आठवड्यांनी लागला.

तुम्ही काय उचलावे, असे विचारले आहे, म्हणून एक सराव सांगतो. पुढची संहिता हाती आली की स्वतःचे संवाद न लिहिता फक्त इतरांचे संवाद एका वहीत उतरवून काढा आणि प्रत्येकासमोर त्या वाक्याने तुमच्या पात्राला काय होते ते एका ओळीत लिहा. स्वतःचे संवाद त्यानंतर पाठ करा. बहुतेकांना पहिल्या चार पानांतच कळते की आपण आजवर समोरच्याच्या बोलण्याकडे केवळ क्यू, म्हणजे आपली बोलण्याची पाळी आल्याची खूण, म्हणून पाहत होतो.

आणि डेव्हिड लिंच यांच्या १९९९ च्या ‘द स्ट्रेट स्टोरी’चा शेवट पाहा. रिचर्ड फार्न्सवर्थ यांचा आल्व्हिन स्ट्रेट आयोवातून विस्कॉन्सिनपर्यंत, गवत कापण्याच्या यंत्रावर बसून, दुरावलेल्या आजारी भावाला भेटायला आलेला आहे. तो भाऊ म्हणजे स्टँटन, आणि अख्ख्या चित्रपटात ते फक्त या शेवटच्या प्रसंगात दिसतात. दोघे ओसरीवर बसतात. स्टँटन अंगणात उभ्या असलेल्या त्या यंत्राकडे पाहतात, मग भावाकडे, मग पुन्हा यंत्राकडे, आणि विचारतात की मला भेटायला तू एवढ्या लांबून त्याच्यावर बसून आलास का. भाऊ हो म्हणतो. यानंतर दोघेही काही बोलत नाहीत. पहिल्यांदा हा प्रसंग आवाजासह पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त स्टँटन यांचे डोळे त्या यंत्रावर किती वेळ थांबतात ते मोजा.